एक फेज जमिनीला, तीन जाळी कागदावर: ३३/११ केव्ही सबस्टेशनच्या असमतोल फॉल्टचं गणित आणि सिम्युलेशन

११ केव्ही बसवरचा (सगळ्या लाइन जिथे जोडतात त्या सामाईक पट्टीवरचा) फॉल्ट करंट, म्हणजे तारा एकमेकांना किंवा जमिनीला लागल्यावर वाहणारा करंट, पहिल्यांदा हाताने काढणारा माणूस एका ठिकाणी हमखास थबकतो. तिन्ही फेज एकत्र आले तर ५,२४९ अँपिअर आणि एकच फेज जमिनीला लागला तर ५,६२४. एकाचा तिघांपेक्षा जास्त कसा? तो पान उलटून आकडे पुन्हा मांडतो, उत्तर तेच येतं. उत्तर बरोबरच आहे, आणि ते का बरोबर आहे हे ज्याला सांगता येतं त्याला असमतोल फॉल्टचं निम्मं गणित आलं.

माझा अनुभव असा, की सॉफ्टवेअर उघडून फॉल्टचा ब्लॉक ओढून टाकणं सोपं असतं, पण उत्तर चुकलं तर ते चुकलंय हे कळायला हातात एक कागद लागतो. त्या कागदावरची सगळी मारामारी शेवटी झिरो सिक्वेन्सच्या जाळ्यापाशी, म्हणजे तिन्ही फेजमधून एकाच दिशेने जाणाऱ्या करंटच्या सर्किटपाशी, येते. म्हणून एकच सबस्टेशन घेऊ, आकडे आधी हाताने काढू आणि मग सिम्युलेशनकडे जाऊ.

उदाहरणाचं सबस्टेशन

ग्रामीण भागात सर्रास दिसणारी मांडणी. ३३ केव्हीची लाइन येते, १० एमव्हीएचा ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मर, व्हेक्टर ग्रुप डीवायएन११, म्हणजे ३३ च्या बाजूला डेल्टा आणि ११ च्या बाजूला न्यूट्रल थेट अर्थ केलेला स्टार. पुढे ११ केव्हीचा ओव्हरहेड फीडर, ५ किलोमीटर, डॉग कंडक्टर (तारेचा एक ठरलेला प्रकार). आकडे असे धरू:

- ३३ केव्ही बसची फॉल्ट लेव्हल (मागचा सोर्स फॉल्टला किती ताकद पुरवू शकतो) ५०० एमव्हीए
- ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स ८ टक्के
- फीडरचा पॉझिटिव्ह सिक्वेन्स इम्पिडन्स ०.२८ + जे०.३४ ओहम प्रति किमी
- फीडरचा झिरो सिक्वेन्स इम्पिडन्स ०.४३ + जे१.६ ओहम प्रति किमी

जे लागलेला आकडा रिअ‍ॅक्टन्सचा, आधीचा रेझिस्टन्सचा; सिक्वेन्स म्हणजे काय ते पुढे येतंच. शेवटची ओळ नीट बघा. झिरो सिक्वेन्सचा रिअ‍ॅक्टन्स पॉझिटिव्हच्या जवळजवळ पावणेपाच पट आहे. तिन्ही तारांतून एकाच दिशेने गेलेला करंट जमिनीतून परत येतो आणि ५० हर्ट्झला, साधारण १०० ओहम-मीटरच्या जमिनीत, तो परतीचा रस्ता गणितात सुमारे ९३० मीटर खोल धरावा लागतो. एवढा मोठा लूप, म्हणून एवढा इंडक्टन्स. रेझिस्टन्समध्ये जमिनीचा वाटा किमीला ०.०४९३ ओहम, आणि तो तीनदा मोजायचा: ०.२८ + ०.१४८ म्हणजे ०.४३. ज्यांना झिरो सिक्वेन्सचा आकडा कुठेच मिळत नाही ते पॉझिटिव्हला तीनने गुणून मोकळे होतात. गार्ड वायर नसलेल्या सिंगल सर्किट लाइनला तो अंदाज तोकडा पडतो.

आता आकडे पर युनिटमध्ये, म्हणजे ठरवलेल्या बेसच्या पटीत, मांडू. बेस १० एमव्हीए. ११ केव्हीला बेस इम्पिडन्स १२.१ ओहम, बेस करंट ५२५ अँपिअर (गुणाकारात ५२४.९ वापरा). ३३ केव्हीला बेस करंट १७५ अँपिअर. पर युनिटमध्ये सोर्स १० ÷ ५०० = जे०.०२, ट्रान्सफॉर्मर जे०.०८, ५ किमी फीडर ०.११५७ + जे०.१४०५ आणि त्याचा झिरो सिक्वेन्स ०.१७७७ + जे०.६६१२.

तीन संच म्हणजे नेमकं काय

१९१८ साली वेस्टिंगहाउसमधल्या चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी दाखवलं, की कसेही वेडेवाकडे असलेले तीन फेजर (मान आणि कोन दाखवणारे बाण) तीन शिस्तशीर संचांची बेरीज म्हणून लिहिता येतात. पॉझिटिव्ह सिक्वेन्स आर-वाय-बी क्रमाने फिरतो, निगेटिव्ह उलट क्रमाने, आणि झिरो सिक्वेन्समध्ये तिन्ही फेजर एकाच दिशेला तोंड करून उभे असतात.

सूत्र पाठ करण्याआधी एक आकडा हाताळून बघा. आर फेजमध्ये ३०० अँपिअर, वाय आणि बी मध्ये शून्य. झिरो सिक्वेन्स म्हणजे तिघांची बेरीज भागिले तीन, १०० अँपिअर. पॉझिटिव्हसाठी वाय ला १२० अंशांनी आणि बी ला २४० अंशांनी पुढे फिरवून बेरीज करायची. दोघेही शून्य, म्हणून पुन्हा १००. निगेटिव्हसाठी उलट फिरवायचं, तेही १००. आता वाय फेज परत जोडून बघा: झिरोचे १००, त्यात २४० अंशांवरचे १०० आणि १२० अंशांवरचे १००. बेरीज शून्य. म्हणजे एका फेजचा अर्थ फॉल्ट झाला की तिन्ही सिक्वेन्समध्ये अगदी सारखा करंट असतो. सारखा करंट म्हणजे सिरीज सर्किट. तीन जाळी एकापुढे एक जोडायची ती एवढ्याच कारणाने, त्यात जादू काही नाही.

जाळी काढताना

पॉझिटिव्हचं जाळं नेहमीचंच: सोर्स, ट्रान्सफॉर्मर, लाइन. निगेटिव्हचं तसंच, फक्त त्यात व्होल्टेज सोर्स नाही. ट्रान्सफॉर्मर आणि लाइन यांना करंट कोणत्या क्रमाने फिरतोय याचं सोयरसुतक नसतं, म्हणून तिथे झेड१ आणि झेड२ (पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सिक्वेन्सचे इम्पिडन्स; झिरोचा तो झेड०) सारखे. फिरत्या यंत्रांचं तसं नसतं. जनरेटर किंवा मोठ्या मोटारी असतील तर झेड२ वेगळा घ्या.

झिरोच्या जाळ्यात मात्र पेन्सिल सावकाश चालवा. प्रत्येक वाइंडिंगला एकच प्रश्न विचारायचा: तिन्ही फेजमधून एकाच वेळी एकाच दिशेने आलेला करंट इथून बाहेर कुठे जाईल? न्यूट्रल अर्थ असलेल्या स्टारमधून तो जमिनीत जातो. डेल्टामध्ये तो आतल्या आत गोल फिरतो, पण बाहेरच्या लाइनवर येत नाही. न्यूट्रल मोकळा असेल तर रस्ताच नाही.

आपल्या ट्रान्सफॉर्मरला ११ केव्हीच्या बाजूने बघितलं तर झिरो सिक्वेन्सला जे०.०८ मिळतो आणि पलीकडे डेल्टा लागून तो थेट रेफरन्सला, म्हणजे जमिनीला, मिळतो. सोर्सचा जे०.०२ या जाळ्यात येतच नाही. (कोअर टाइप ट्रान्सफॉर्मरचा प्रत्यक्ष झेड० हा झेड१ पेक्षा थोडा कमी मिळतो. टेस्ट सर्टिफिकेट हाताशी असेल तर त्यावरचा घ्या.)

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर इथे आहे. झेड१ = झेड२ = जे०.१०, पण झेड० = जे०.०८. तिघांची सरासरी ०.१० पेक्षा कमी, म्हणून एका फेजचा करंट जास्त.

बसवरचे चार फॉल्ट

तीन फेज: १ ÷ ०.१० = १० पर युनिट, म्हणजे ५,२४९ अँपिअर.

एक फेज जमिनीला: झिरो सिक्वेन्सचा करंट आय० = १ ÷ (०.१० + ०.१० + ०.०८) = ३.५७१. फेजमधला करंट याच्या तिप्पट, १०.७१४ पर युनिट, ५,६२४ अँपिअर.

दोन फेज एकमेकांना, जमीन नाही: झिरोचं जाळं बाजूला ठेवा, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह समांतर जोडा. करंट √३ ÷ ०.२० = ८.६६, म्हणजे ४,५४५ अँपिअर. झेड१ आणि झेड२ सारखे असले की हा आकडा तीन फेजच्या ८६.६ टक्केच येणार.

दोन फेज जमिनीसकट: आता तिन्ही जाळी समांतर. ०.१० आणि ०.०८ समांतर म्हणजे ०.०४४४, त्यात ०.१० मिळवून आय१ = ६.९२३. तो दोन वाटांनी उलटा फुटतो: निगेटिव्हमध्ये ३.०७७, झिरोमध्ये ३.८४६. दोघांची बेरीज ६.९२३ येते का ते लगेच तपासा. येत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. वाय आणि बी मध्ये १०.४१ पर युनिट, म्हणजे ५,४६२ अँपिअर. जमिनीत ३ × ३.८४६ = ११.५४, म्हणजे ६,०५६ अँपिअर. चारही फॉल्टमधला सगळ्यात मोठा आकडा हा आहे, आणि अर्थ मॅटचं (सबस्टेशनखाली पुरलेल्या अर्थिंगच्या जाळीचं) डिझाइन बघणाऱ्याला तो हवा असतो.

५ किलोमीटरवर चित्र पालटतं

फीडरच्या टोकाला झेड१ = झेड२ = ०.११५७ + जे०.२४०५ आणि झेड० = ०.१७७७ + जे०.७४१२. तीन फेजचा करंट १,९६७ अँपिअर, दोन फेजचा १,७०३. एका फेजसाठी तिघांची बेरीज ०.४०९१ + जे१.२२२२, तिचं मान १.२८९, म्हणून ३ ÷ १.२८९ = २.३२८ पर युनिट, १,२२२ अँपिअर. बसवर जो फॉल्ट तीन फेजला भारी होता, तोच पाच किलोमीटरवर त्याच्या बासष्ट टक्क्यांवर आला. लाइनचा झिरो सिक्वेन्स इथे खेळात आला, दुसरं काही नाही.

आणि हाही आदर्श आकडा झाला. तार खांबाच्या अर्थिंगला थेट चिकटली तरच तो. मध्ये २० ओहमचा रेझिस्टन्स धरा. या रेझिस्टन्समधून तीन आय० जातो, म्हणून सिक्वेन्सच्या सर्किटमध्ये तो तिप्पट घालायचा: ३ × २० ÷ १२.१ = ४.९५९. बेरीज ५.३६८ + जे१.२२२, करंट २८६ अँपिअर. १०० ओहमला तो ६२ अँपिअरवर येतो. संध्याकाळचा लोड याहून जास्त असू शकतो! ओव्हरकरंट रिलेला इथे फॉल्ट आणि गिरण्या-पंपांचा लोड यातला फरक कळत नाही. तो रेसिड्युअल करंटवर, म्हणजे तिन्ही फेजच्या करंटच्या बेरजेवर, चालणाऱ्या अर्थ फॉल्ट रिलेनेच कळतो. कोरड्या मुरुमावर पडलेली तार तर कधीकधी त्यालाही चकवते. गुणिले तीन विसरणं ही परीक्षेतली आणि कामावरची सर्वात सामान्य चूक. न्यूट्रलमध्ये रेझिस्टर असेल तर तोही तिप्पटच. साखर कारखान्याच्या को-जनमध्ये (कारखान्याच्या स्वतःच्या वीजनिर्मितीत) ११ केव्हीचा फॉल्ट ४०० अँपिअरपर्यंत आवळायचा असेल तर १५.९ ओहमचा रेझिस्टर लागतो. तो ३ × १५.९ ÷ १२.१ म्हणून घालून बघा, आपल्या बसवर करंट ३९८ येईल.

व्होल्टेजही काढाच. टोकाच्या घट्ट अर्थ फॉल्टमध्ये आय० = ०.७७६, कोन उणे ७१.५ अंश. त्यावरून व्ही० = −०.५८९ − जे०.०५२, व्ही१ = ०.७९४ + जे०.०२६, व्ही२ = −०.२०६ + जे०.०२६. तिघांची बेरीज, म्हणजे आर फेजचं व्होल्टेज, शून्याला लागते. हा फुकटचा ताळा आहे, सोडू नका. परत जोडल्यावर वाय १.२९ पट आणि बी १.१८ पट निघतो. ६.३५ केव्हीचा फेज ८.२ केव्हीवर. चांगल्या फेजवरचे लाइटनिंग अरेस्टर कितीचे घ्यायचे, याचा विचार इथून सुरू होतो.

३३ च्या बाजूला काय दिसतं

एकदा एक मुलगा सिम्युलेशन घेऊन आला होता. ११ केव्ही बसवर आर फेजचा अर्थ फॉल्ट टाकलेला, आणि त्याची तक्रार अशी, की ३३ केव्हीचा अर्थ फॉल्ट रिले हलतच नाही, मॉडेल बिघडलंय. मॉडेल ठणठणीत होतं. डेल्टाने झिरो सिक्वेन्स अडवला होता, बाहेर फक्त पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह गेले, एक ३० अंश इकडे फिरून आणि दुसरा ३० अंश तिकडे. जोडून बघितलं तर ३३ केव्हीच्या आर आणि वाय मध्ये √३ × ३.५७१ = ६.१८६ पर युनिट, म्हणजे १,०८२ अँपिअर, एकमेकांच्या विरुद्ध दिशेने, आणि बी मध्ये शून्य. अलीकडचा अर्थ फॉल्ट पलीकडे दोन फेजचा फॉल्ट होऊन दिसतो. सूत्राशिवायही ताळा करता येतो: ११ च्या एका वाइंडिंगचे ६.३५ केव्ही आणि डेल्टाच्या वाइंडिंगचे ३३ केव्ही, गुणोत्तर ५.१९६; ५,६२४ ला त्याने भागा.

दोन फेजच्या फॉल्टची गंमत याहून मोठी आहे. ११ ला वाय-बी एकत्र आले की ३३ च्या बी फेजमध्ये १,७५० अँपिअर जातो, उरलेल्या दोघांत ८७५. म्हणजे ११ च्या बाजूला करंट तीन फेजच्या ८६.६ टक्के, पण ३३ च्या एका फेजमध्ये पूर्ण शंभर टक्के. दोन्हीकडच्या ओव्हरकरंट रिलेमध्ये वेळेचं अंतर ठेवताना फक्त तीन फेजचा फॉल्ट तपासला तर या फॉल्टला ते अंतर कमी पडतं.

स्प्रेडशीटमध्ये

कॉम्प्लेक्स आकड्यांची फंक्शन्स एक्सेलमध्ये आणि लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये तयार आहेत: इमसम, इमप्रॉडक्ट, इमडिव, आणि मान काढायला इमअ‍ॅब्स. एकच खोड लक्षात ठेवा. कॉम्प्लेक्स हे फंक्शन न सांगता आय हे अक्षर लावतं आणि आपण इलेक्ट्रिकलवाले सवयीने जे टाइप करतो. दोन्ही एका सूत्रात आले की एक्सेल एरर देतं. तिसऱ्या जागी जे द्यायला विसरू नका. एका स्तंभात अंतर ठेवा, ० पासून ५ किमीपर्यंत अर्ध्या-अर्ध्या किमीने, आणि शेजारी चारही फॉल्ट. एक फेजची रेषा तीन फेजच्या रेषेला बसच्या अगदी जवळच छेदून खाली जाताना दिसेल.

सिम्युलिंकमध्ये

सिम्युलिंक म्हणजे ब्लॉक जोडून मॉडेल चालवायचं मॅटलॅबचं सॉफ्टवेअर. हाताचे आकडे समोर ठेवूनच मॉडेल बांधा. माझ्या आणि इतरांच्या हातून होणाऱ्या चुका अशा.

फ्रिक्वेन्सी. बरेच ब्लॉक ६० हर्ट्झ घेऊन येतात. सोर्स, ट्रान्सफॉर्मर, लाइन, मेजरमेंट, प्रत्येक ठिकाणी ५० करा.

सोर्समध्ये इम्पिडन्स शॉर्ट सर्किट लेव्हलने देण्याचा पर्याय आहे. ५०० एमव्हीए, बेस ३३ केव्ही, आणि एक्स बाय आर चा (रिअ‍ॅक्टन्स भागिले रेझिस्टन्स) आकडा.

ट्रान्सफॉर्मरमध्ये ८ टक्के दोन वाइंडिंगमध्ये वाटून द्यायचे असतात, ०.०४ आणि ०.०४. दोन्हीकडे ०.०८ टाकून फॉल्ट जवळपास निम्म्यावर आलेली मॉडेल्स मी मोजायची सोडून दिली. व्हेक्टर ग्रुपचा सापळा त्याहून बारीक आहे. तिथे डी१ आणि डी११ हे स्टारला बारा वाजता धरून सांगितलेले असतात. आपल्या डीवायएन११ मध्ये स्टार डेल्टाच्या ३० अंश पुढे, म्हणजे डेल्टा स्टारच्या ३० अंश मागे, म्हणून निवडायचा डी१. नावावरून डी११ निवडला तर करंटचं मान बदलत नाही, पण ३३ च्या बाजूला आर-वाय ऐवजी भलतीच जोडी पेटते. स्टारसाठी वायजी घ्या. नुसता वाय घेतला तर न्यूट्रल मोकळा राहतो.

लाइन ५ किमीची, कपॅसिटन्सने इथे फार फरक पडत नाही, म्हणून झेड१-झेड० देता येणारा म्युच्युअल इंडक्टन्सचा ब्लॉक पुरतो. रिअ‍ॅक्टन्स नव्हे, इंडक्टन्स मागतो: ०.३४ ÷ ३१४.१६ = १.०८ मिलिहेन्री प्रति किमी, आणि झिरोसाठी ५.०९. तीन सुटे आर-एल टाकून लाइन केली तर झेड० हा झेड१ इतकाच होतो आणि टोकाचा अर्थ फॉल्ट फुगतो.

फॉल्टच्या ब्लॉकमध्ये फॉल्ट रेझिस्टन्स आणि ग्राउंड रेझिस्टन्स असे दोन रकाने आहेत. एका फेजच्या फॉल्टला दोघांची बेरीज लागू होते. सिम्युलेशनमध्ये हा रेझिस्टन्स आहे तसाच द्यायचा, तिप्पट नाही; तिप्पट फक्त कागदावर.

आधी फेजर मोडमध्ये चालवा, तिथे फक्त ५० हर्ट्झचं मान आणि कोन निघतो. हाताच्या उत्तराशी फरक अर्ध्या-एक टक्क्याच्या आत यायला हवा. मग डिस्क्रीट मोड, जिथे लाट क्षणाक्षणाने निघते. तिथे करंट सुरुवातीला एका बाजूला सरकलेला दिसेल, तो डीसी ऑफसेट. टोकाच्या अर्थ फॉल्टला एक्स बाय आर सुमारे ३, टाइम कॉन्स्टंट ९.५ मिलिसेकंद, दीड सायकलमध्ये तो जवळपास ओसरतो. बसवर एक्स बाय आर १५ असेल तर त्यालाच सात सायकल लागतात. आणि हाताच्या गणितासारखा रेझिस्टन्स शून्य ठेवलात तर तो ओसरतच नाही, मग आरएमएस मीटर कितीही वेळ बघत बसा, ५,६२४ दिसणार नाही. रेझिस्टन्स द्या, आणि मूळ फ्रिक्वेन्सीचा घटक वेगळा काढून वाचा. ऑफसेट मुद्दाम मोठा बघायचा असेल तर फॉल्ट आर फेजचं व्होल्टेज शून्यातून जाताना टाका.

ब्रेकर निवडण्यासाठी आकडे काढत असाल तर आयईसी ६०९०९ या फॉल्ट करंटच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ११ केव्हीला व्होल्टेज फॅक्टर १.१ लावा, बसवरचा एक फेज फॉल्ट ६,१८६ होतो. रिले टोकाचा फॉल्ट पकडतो का हे बघताना मात्र फॅक्टर १ आणि तार तापलेली धरा. डॉगचा रेझिस्टन्स ७५ अंश सेल्सियसला ०.२८ वरून ०.३४ वर जातो.

फीडरवर सोलर प्रकल्प असेल तर त्याला इम्पिडन्समागचा सोर्स म्हणून जोडू नका. इन्व्हर्टर आपला करंट रेटिंगच्या थोडाच वर रोखून धरतो आणि निगेटिव्ह सिक्वेन्स किती सोडायचा ते त्याचा कंट्रोल ठरवतो. त्याला करंट सोर्स म्हणून धरा, आणि त्याच्या ट्रान्सफॉर्मरची ११ केव्हीची बाजू अर्थ केलेला स्टार आहे की डेल्टा हे आधी बघा. स्टार असेल आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला डेल्टा असेल, तर झिरो सिक्वेन्सला दुसरी वाट मिळाली. तुमच्या सबस्टेशनमधल्या अर्थ फॉल्ट रिलेतून जाणारा करंट तेवढ्याने कमी झाला, आणि टोकाचे १,२२२ पुन्हा काढावे लागतील.